इकोच्या कागदावर पंपाचा वेग लिहा

प्रति,
महाराष्ट्रात हृदयाचा इको करणारे आणि शिकवणारे सर्व डॉक्टर व तंत्रज्ञ,
त्यांच्या संघटना,
तसेच राज्याचे सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभाग

विषय : छातीत यांत्रिक पंप बसवलेल्या रुग्णांच्या इको तपासणीबाबत

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात एका सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका हृदयरोग केंद्रातून मला फोन आला. दुसऱ्याच दिवशी माझ्या यजमानांचा सहामाही इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठरला होता. रिसेप्शनवरच्या मुलीने चाचरत सांगितलं, "मॅडम, एलव्हॅडच्या पेशंटचा इको इथं करायचा नाही असं ठरलंय. तुम्ही पंप बसवला तिथंच जा." एलव्हॅड म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा, छातीत बसवलेला पंप. मी लेखी मागितलं. चार दिवसांनी तेही आलं. या यंत्राचं प्रशिक्षण घेतलेलं आमच्याकडे कुणी नाही, वैद्यकीय-कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न आहे, सबब अशा रुग्णांची तपासणी यापुढे होणार नाही.

पंप बसवला ते रुग्णालय आमच्या घरापासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे.

त्या केंद्राचं नाव मी लिहीत नाही. पंप घेऊन घरी आलेल्या आणखी तीन कुटुंबांशी माझं फोनवर बोलणं असतं. त्यांना आलेले अनुभव थोड्याफार फरकाने असेच आहेत. म्हणून हे पत्र एका डॉक्टरांना न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि चारचौघांसमोर लिहिते आहे.

आधी आमच्याविषयी. माझ्या यजमानांचं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोनोब्लॉक, बोअरच्या सबमर्सिबल, सगळं हाताखालून गेलेलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन हार्ट अटॅकनंतर त्यांचं हृदय इतकं पसरलं की न्हाणीघरातून खोलीपर्यंत यायला त्यांना मध्ये खुर्ची लागायची. हृदय प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलं, पण तेवढा काळ शरीर तग धरेना. अडीच वर्षांपूर्वी हार्टमेट ३ हा पंप बसवला. खर्च कोटीच्या घरात गेला. हायवेलगतची पावणेदोन एकर जमीन, माझे दागिने आणि दोन्ही दिरांनी काढलेलं कर्ज, हे त्याचं भांडवल. पैशांचं गाऱ्हाणं मी मांडत नाही. एवढ्या मोलाने मिळवलेलं आयुष्य कुणाच्या हवाली केलंय हे कळावं म्हणून सांगितलं.

ज्यांनी हा पंप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला तो जोडलेला असतो. कप्प्यातलं रक्त ओढून एका नळीने थेट महाधमनीत सोडतो. आतलं चक्र चुंबकाच्या जोरावर तरंगत फिरतं, मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यजमानांनी सर्जनना विचारलं होतं, "बेअरिंगच नाही, मग झिजणार काय?" सर्जन खुर्ची ओढून त्यांच्या कॉटशेजारी बसले आणि अर्धा तास दोघं आरपीएमवर बोलत राहिले. पोटातून एक केबल बाहेर येते, ती कमरेच्या कंट्रोलरला लागते आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांवर चालतो. रक्त ठोक्याठोक्याने न जाता सलग वाहतं, म्हणून मनगटावर नाडी बहुतेक वेळा लागतच नाही. माणूस समोर बसून चहा पितोय, बोलतोय आणि हाताला नाडी नाही. पहिल्या दिवशी मी त्यांच्या छातीला कान लावला तेव्हा ठोक्यांऐवजी बारीक घरघर ऐकू आली. आता त्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही.

आता मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट.

एका लग्नाहून आल्यावर यजमानांना जुलाब सुरू झाले. उन्हाळा कडक, दोन दिवस पोटात काही टिकेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कंट्रोलर वाजायला लागला. पडद्यावर फ्लो, म्हणजे पंपातून मिनिटाला जाणारं रक्त, २.४ लिटर. अडीच लिटरच्या खाली गेला की तो वाजतो, हे आम्हाला शिकवलेलं होतं. जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. नर्सने बीपीचा पट्टा तीनदा बांधला, तिन्ही वेळा एरर. मग इको. तंत्रज्ञ मुलगा चांगला होता, धडपडत होता. पण नेहमीच्या जागी, छातीच्या डाव्या टोकाशी प्रोब ठेवला की पडद्यावर काळी सावली. तिथंच तर पंप बसलेला. तीन-चार मिनिटांत त्याने हात थांबवला आणि कागद हातात आला.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यावर लिहिलंय : डाव्या कप्प्याचा आकार नॉर्मल, ४.३ सेंटिमीटर. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते प्रमाण, १५ टक्के. महाधमनीची झडप नॉर्मल. बीपी नोंदवता आलं नाही.

ईएफ १५ टक्के, पायावर जराशी सूज, धाप. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर धरलं आणि लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. साध्या रुग्णाला तेच दिलं असतं. दोन तासांत फ्लो आणखी खाली आला, मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पडायला लागले, त्यांचे ओठ पांढरे पडले. मी पंपाच्या रुग्णालयातल्या कोऑर्डिनेटरला फोन लावला. तिने तीन गोष्टी विचारल्या. पंपाचा वेग किती? डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, दाब किती आला? दोन कप्प्यांमधला पडदा कुठल्या बाजूला कललाय? वेग मी कंट्रोलरवर बघून सांगितला. उरलेल्या दोन्ही गोष्टी इको करून आलेल्या माणसाच्या कागदावर नव्हत्या.

मग तिने चौथं विचारलं, "कप्प्याचा आकार?" मी वाचून दाखवलं, नॉर्मल, ४.३. पलीकडे क्षणभर शांतता. ती म्हणाली, "ताई, त्यांचा ४.३ नॉर्मल नाही. इंजेक्शन थांबवायला सांगा आणि डॉक्टरांना फोन द्या."

यजमानांचा डावा कप्पा ऑपरेशनआधी ७.१ होता. पंप बसल्यावर महिन्याने ५.८. तो एकदम ४.३ वर आला, म्हणजे कप्पा रिकामा झाला होता. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, पंप मात्र त्याच वेगाने ओढत राहिला आणि शेवटी कप्प्याची भिंतच पंपाच्या तोंडाशी ओढली जायला लागली. त्यात लघवीचं इंजेक्शन. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे ४.३ नॉर्मल असतं, म्हणून कागदावर नॉर्मल छापलं गेलं.

त्या डॉक्टरांनी फोनवर ऐकून लगेच सलाइन लावलं, अ‍ॅम्ब्युलन्स दिली, एक ज्युनिअर डॉक्टर सोबत पाठवला. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पहाटे तीनला मोठ्या शहरातल्या त्या रुग्णालयात इको सुरू झाला. तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मधला पडदा डावीकडे झुकलेला, जणू कुणी ओढून धरलाय. आणखी एक सलाइन गेलं. पंपाचा वेग ५६०० वरून शंभर-शंभरने ५३०० पर्यंत उतरवला. प्रत्येक पायरीला ते थांबत, बघत, मापं घेत. माझ्या डोळ्यांदेखत तो पडदा सरळ झाला आणि इतका वेळ मिटून असलेली महाधमनीची झडप दर तिसऱ्या ठोक्याला थोडी उघडायला लागली. यजमान डोळे मिटून पडले होते. स्क्रीनकडे न बघताच मला म्हणाले, "अगं, विहीर आटली होती. फुटव्हॉल्व्ह गाळाला टेकला होता."

इको इथेही झाला होता आणि तिथेही. आवाजाच्या लाटा त्याच, हृदय तेच. इथल्या तपासणीत पंपाची दखलच घेतली गेली नव्हती.

म्हणून माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली तुमच्या छापील फॉर्मविषयी. पंपाच्या रुग्णाचा इको साध्या रुग्णाच्या फॉर्मवर भरला जातो. त्यात पंपाचं नाव लिहायला जागा नाही, वेग लिहायला जागा नाही. दुकानात मोटर तपासायला आली की यजमान आधी ती किती आरपीएमवर आणि किती व्होल्टेजवर चालली ते लिहून ठेवतात. त्याशिवाय पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नसतो. ५६०० वेगावर दिसणारं हृदय आणि ५३०० वर दिसणारं हृदय किती वेगळं असतं हे मी त्या पहाटे पाहिलं. वेग न लिहिता दिलेला रिपोर्ट पुढच्या डॉक्टरला कशाशी ताडून बघता येणार? आणि त्याच फॉर्मवर ईएफ सगळ्यांत वर ठळक छापलेलं असतं. हृदय दुबळं आहे म्हणूनच तर पंप बसवला, ते आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला हवं असतं ते वेगळंच. कप्पा मागच्या वेळेपेक्षा वाढला की कमी झाला, पडदा मधोमध आहे का, झडप उघडते का, गळते का, उजवी बाजू तग धरून आहे का.

दुसरी, बीपीविषयी. 'नोंदवता आलं नाही' असं लिहून विषय संपवू नका. सलग प्रवाहाच्या पंपात आपोआप फुगणारा पट्टा पुष्कळदा चुकतो, त्याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. दंडाला साधा हाताने फुगवायचा पट्टा बांधायचा, कोपराच्या खोबणीत धमनीवर डॉपलर धरायचा, पट्टा फुगवून आवाज बंद करायचा आणि हवा सोडताना आवाज परत ज्या आकड्यावर येतो तो लिहायचा. नाडी क्षीण असेल तर तो आकडा सरासरी दाबाच्या जवळपास असतो. आमच्या घरी पेन्सिलीएवढा डॉपलर आहे आणि माझी धाकटी मुलगी रोज सकाळी बाबांचा दाब अशीच मोजते. तुमच्याकडे तो नसेल तर इको मशिनमध्येच डॉपलर आहे, धमन्या बघायचा प्रोब दंडावर ठेवला तरी काम होतं. दाब नव्वदच्या वर चढला की पंपाला पुढे ढकलायला जड जातं आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. झडपांची गळतीही दाबाप्रमाणे कमी-जास्त दिसते. मग दाब न मोजता गळती 'मध्यम' की 'तीव्र' हे कशाच्या आधारावर ठरवता?

तिसरी महाधमनीच्या झडपेविषयी आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पंप सगळं रक्त ओढून घेत असेल तर ही झडप उघडतच नाही. महिनोन्‌महिने मिटून राहिली की पाकळ्या चिकटायला लागतात, तिच्या मुळाशी गुठळी धरू शकते आणि पुढे ती गळायला लागते. गळती वाढली की पंपाने महाधमनीत सोडलेलं रक्त मागे कप्प्यात येतं, तेच पंप पुन्हा ओढतो, पुन्हा सोडतो. कंट्रोलरवर फ्लो चांगला दिसतो आणि माणूस मात्र थकत जातो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळायला लागला की मोटर तेच पाणी घुसळत बसते, मीटर फिरतं आणि वाफा कोरडा. शिवाय कंट्रोलरवरचा फ्लो मोजलेला नसतो. वेग, लागणारी वीज आणि रक्ताचा दाटपणा यांवरून काढलेला तो अंदाज असतो. म्हणून त्या आकड्यावर विसंबता येत नाही आणि इको लागतो. झडप उघडते की नाही हे एक-दोन ठोक्यांत कळत नाही. हार्टमेट ३ तर दर दोन सेकंदांनी आपणहून वेग खालीवर करतो. एम-मोड, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल सलग दाखवणारी इकोची पद्धत, मुद्दाम सावकाश चालवून लागोपाठचे बरेच ठोके बघावे लागतात आणि 'दर ठोक्याला', 'अधूनमधून' की 'अजिबात नाही' हे लिहावं लागतं. आमच्या कागदावर आधीच टाइप करून ठेवलेलं 'नॉर्मल' होतं.

चौथी, उजव्या बाजूविषयी. पंप फक्त डाव्या बाजूला हातभार लावतो. त्याच्यापर्यंत रक्त पोहोचवायचं काम उजव्या कप्प्याचं. आमच्या त्या रिपोर्टमध्ये उजव्या कप्प्यावर एक शब्द नव्हता.

पाचवी तक्रार पंप बसवणाऱ्या रुग्णालयांविषयी आहे, तीही इथंच करते. आम्हाला घरी सोडताना जाडजूड फाइल मिळाली. जखमेची काळजी, बॅटऱ्यांची काळजी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर तपासणी, कंपनीची पुस्तिका. पण 'या माणसाचं हृदय या वेगावर, या दाबाला असं दिसतं' असं एक पान त्यात नव्हतं. ते पान असतं तर मे महिन्यात ४.३ वाचणाऱ्या डॉक्टरांना शेजारीच ५.८ दिसला असता. मग त्यांनी ते इंजेक्शन दिलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि चित्रं. इकोचे व्हिडिओ मागितले की सीडी संपलीय, सर्व्हर भरलाय, उद्या या. या तपासणीत मागची चित्रं शेजारी ठेवून बघणं हाच अर्धा इको आहे.

आता तुमच्याकडून मला जी उत्तरं मिळाली आहेत त्यांच्याबद्दल.

असे रुग्ण असतात किती, असं एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला विचारलं. थोडे असतात, मान्य आहे. पण हे रुग्ण आता चार दिवसांचे पाहुणे नाहीत. २०२२ साली जाहीर झालेल्या मोमेंटम ३ या मोठ्या अभ्यासात हार्टमेट ३ बसवलेल्यांपैकी ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, आधीच्या पिढीच्या पंपात हेच प्रमाण ४४ टक्के होतं. पाच वर्षं जगणारा माणूस रुग्णालयाच्या दारात जगत नाही. तो आपल्या गावी येतो, दुकान उघडतो, मुलीचं लग्न करतो. त्याला जुलाब गावीच होतात आणि कंट्रोलरही गावीच वाजतो. शिवाय संख्या थोडी म्हणून काम सोडून द्यायची आपल्या राज्याची रीत नाही. डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं ते डिसेंबर १९६७ मध्ये. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी ते करून पाहिलं. रुग्ण वाचला नाही. पण तेव्हा देशात असा रुग्ण एकच होता, आणि त्याच्यासाठी एक अख्खं पथक उभं राहिलं होतं.

कायदेशीर जबाबदारी आणि प्रशिक्षण हे दुसरं उत्तर. प्रशिक्षण नाही हे त्या केंद्राने लेखी मान्य केलं, त्या प्रामाणिकपणाचा मी आदर करते. पण प्रशिक्षण नसेल तर ते घ्यायचं असतं. दार बंद केल्याने जबाबदारी तुमच्यावरून उतरते आणि साडेतीनशे किलोमीटरच्या रस्त्यावर येते. अमेरिकन सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफीने पंपाच्या रुग्णांच्या इकोसाठी २०१५ सालीच सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे. काय बघायचं, कुठल्या क्रमाने, कुठल्या कोनातून, रिपोर्टमध्ये काय लिहायचं, सगळं त्यात आहे. घरी सोडण्याआधी किंवा दोन आठवड्यांनी, मग एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी इको, असं वेळापत्रकही आहे. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत शब्दकोश शेजारी घेऊन ते वाचून काढलं. तुम्हाला ते एका संध्याकाळचं काम आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही करू नका, असं मीच तुम्हाला सांगते. पंपाचा वेग पायरीपायरीने बदलत करायची चाचणी जिल्ह्यात होऊ नये. ती पंपाच्या पथकानेच करावी. गुठळीची शंका असताना किंवा रक्त पुरेसं पातळ नसताना वेग बदलणं जिवावर बेतू शकतं. आम्हाला तुमच्याकडून वेग बदलून नको आहे. आहे त्या वेगावर जे दिसतं ते नीट बघून, मापून, लिहून आणि त्याच दिवशी पाठवून हवं आहे.

यंत्र घरी आणा असंही आम्ही म्हणत नाही. सोनोग्राफी यंत्रांच्या नोंदणीवर आणि ने-आणीवर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत. मी दोन मुलींची आई आहे. आम्ही तुमच्या दारात येतो, तुम्ही दार उघडं ठेवा.

आमच्या मागण्या :

१. पंपाच्या रुग्णाला इको नाकारण्याचे निर्णय, लेखी असोत की तोंडी, मागे घ्यावेत. तातडीच्या वेळी तर कुठल्याही कारणाने परत पाठवू नये.

२. इको करणाऱ्यांच्या संघटनांनी पंपाच्या रुग्णांसाठी एकपानी वेगळा फॉर्म तयार करून राज्यभर द्यावा. सगळ्यांत वर पंपाचं नाव, वेग, फ्लो, पल्सॅटिलिटी इंडेक्स (हृदयाच्या ठोक्यांमुळे प्रवाहात होणारा चढउतार), वॅट, आणि दाब कुठल्या पद्धतीने मोजला ते. त्याखाली डाव्या कप्प्याचं आजचं माप आणि शेजारच्या रकान्यात मागचं. मग पडद्याची जागा, महाधमनीच्या झडपेची उघडझाप आणि गळती, उजव्या कप्प्याचं काम, पंपात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या नळीतला प्रवाह. जे दिसलं नाही तिथे 'दिसलं नाही' असं लिहावं. आधीच टाइप केलेलं 'नॉर्मल' या फॉर्मवर नसावं.

३. प्रत्येक जिल्ह्यात निदान एका सरकारी रुग्णालयातल्या दोन व्यक्तींना, एक डॉक्टर आणि एक तंत्रज्ञ, पंप बसवणाऱ्या केंद्रात पाठवून हे शिकवावं. दोन अशासाठी की एकजण रजेवर असला तर काम अडू नये.

४. इको तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात हा विषय घ्यावा आणि त्यावर परीक्षेत प्रश्न विचारावा. परीक्षेत येतो तोच धडा वाचला जातो, हे मी वर्गात तीस वर्षं बघते आहे.

५. पंप बसवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला घरी सोडताना त्याच्या हृदयाचं मूळ इकोचं पान आणि चित्रं द्यावीत. चोवीस तास उचलला जाईल असा फोन नंबर त्याच पानावर छापावा, आणि जिल्ह्यातून आलेली चित्रं त्याच दिवशी बघून लेखी मत कळवावं.

६. अपघात विभागात आणि १०८ रुग्णवाहिकांत हातात धरायचा डॉपलर आणि हाताने फुगवायचा पट्टा असावा. नाडी लागत नाही म्हणून जिवंत माणसाच्या बाबतीत घाबरून भलताच निर्णय होऊ नये, यासाठी तिथल्या कर्मचाऱ्यांना एकदा तरी पंपाचा आवाज ऐकवावा. यजमान यायला तयार आहेत. त्यांनी स्वतःहून सांगितलं आहे की तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या कुणालाही शिकायचं असेल तर मी टेबलावर झोपतो, हवा तेवढा वेळ प्रोब फिरवू द्या.

ही तयारी दाखवताना त्यांना फार काही वाटलं नाही. स्वीडनमध्ये १९५३ साली एडलर आणि हर्ट्झ यांनी पहिल्यांदा हृदयाचा इको घेतला, तो उसनं आणलेल्या, धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावर, हे त्यांना मी वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे आमच्याच लाइनीतलं यंत्र की." तेव्हापासून इकोच्या टेबलाची त्यांची भीती बरीच कमी झाली आहे. माझी झालेली नाही. दर वेळी प्रोब छातीवर टेकला की मी इको करणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत बसते. त्याला समोर काय दिसतंय ते कळतंय का, याचा अंदाज घेत.

दुकानातल्या जुन्या खतावणीत यजमान रोज सकाळी चार आकडे लिहितात. वेग, फ्लो, पल्सॅटिलिटी इंडेक्स, वॅट. शेजारी धाकटीने मोजलेला दाब. त्याच वहीत दर सहा महिन्यांनी एक अख्खं पान ते इकोसाठी मोकळं सोडतात. यंदाचं पान तारीख घालून तयार आहे, त्याखाली अजून काही लिहिलेलं नाही. जिल्ह्यात हा इको कुठे होईल आणि कुठल्या दिवशी यायचं, एवढं आम्हाला कळवा. वही, कंट्रोलर, जादा बॅटऱ्या आणि मागचे सगळे रिपोर्ट घेऊन आम्ही दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसू.

आपली नम्र,
पंपावर जगणाऱ्या एका मोटर मेकॅनिकची पत्नी
सांगली जिल्हा